आरशाची ओबी

खाली काही मोलाचं असेल तर वरचं आधी काढून टाकायचं, हे माजरीत कुणाला शिकवावं लागत नाही. वर्धा नदीच्या या पट्ट्यात तेलवासा, ढोरवासा, कुनाडा अशा उघड्या खाणी. तिथे आधी माती, मुरूम, दगड उपसून त्यांचे डोंगर रचायचे आणि मगच कोळशाला हात घालायचा. वरच्या या सगळ्या पसाऱ्याला लहान पोरंसुद्धा ‘ओबी’ म्हणतात. आरशाच्या पाठीवरचा रंग हीदेखील ओबीच. माझं म्हणणं एवढंच की, शोभेच्या काचकामासाठी आरसा सोलायला बसलेली माणसं बहुतेक वेळा ओबीबरोबर कोळसाही ढिगाऱ्यावर फेकतात आणि उरलेल्या खड्ड्याला कलाकृती म्हणतात.

आरशात असतं काय? पुढे काच, तिच्या पाठीला चांदी, चांदीवर तांबं आणि तांब्यावर रंगाचे एक-दोन हात. पारा नव्हे, चांदीच. १८३५च्या सुमारास लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला चांदीच्या क्षारातून काचेवर चांदी बसवता येते असं आढळलं, आणि पुढे कथील-पाऱ्याचे जुने आरसे मागे पडत गेले. ही चांदी साधारण ऐंशी नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ. चौरस मीटरभर आरशावर ती एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. (जुना आरसा सोनाराकडे मोडीत घालायचा बेत असेल तर तो इथेच सोडावा. भद्रावतीला जायचं-यायचं ऑटोभाडंही सुटणार नाही.) खाणीत चूक मीटरात होते, इथे ती मोजायलाच यंत्र लागतं. आणि तरी आपण हातात काय घेतो? भाजी चिरायची सुरी!

पहिला आक्षेप ठरलेला: “कायले एवढी मेहनत जी? साधी काच आणा नं.” आक्षेप बिनतोड आहे. साधी काच आरशापेक्षा स्वस्त मिळते. तेव्हा अख्खा आरसा सोलणारा माणूस महाग वस्तू विकत घेऊन, वर रसायनाची बाटली आणि एक रविवार घालून, तिची स्वस्त वस्तू करत असतो. त्याची वकिली मी घेणार नाही. फार तर जुन्या लोखंडी कपाटाचा कडेनं काळवंडलेला आरसा घरातच पडून असेल, तर एक वेळ माफ. ज्या मराठी माणसानं पैसा-पैसा जमवून १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा केला, त्याच्या वारसांनी काचेचा हिशेब एवढा सैल ठेवू नये.

खरा फायदा आहे तो अर्धवट सोलण्यात. पाठीवर नक्षी आखून फक्त तेवढ्याच रेषांतला रंग आणि चांदी काढली, की मागे लावलेल्या एलईडी पट्टीचा उजेड त्या रेषांतून पुढे येतो आणि उरलेल्या भागात आरसा आपलं काम करत राहतो. देवघरामागे कमळ उजळतं. सलूनमध्ये दुकानाचं नाव झळकतं आणि त्याच नावाच्या खाली गिऱ्हाइकाला आपली हनुवटीही दिसते. साध्या काचेला हे जन्मात जमणार नाही. म्हणजे या कामात कौशल्य काढण्याचं कमी, थांबण्याचं जास्त. आणि आपण नेमके तिथेच कच्चे.

थांबायचं कुठे, हे पाठ सोलताना स्वच्छ दिसतं. पेंट रिमूव्हर लावून वर प्लास्टिकचा कागद अंथरला की थोड्या वेळानं रंग सुरकुततो, फुगतो. मुदत संपलेल्या एटीएम कार्डानं हलकेच ढकलला तर तो पापुद्र्यानं सुटतो. खाली चांदी चकाकेल या आशेनं वाकून पाहावं, तर समोर तांब्याचा लालसर थर. इथे भल्याभल्यांचा धीर सुटतो. गंज चढलाय असं वाटून ब्लेड बाहेर निघतं, आणि तांब्यासकट चांदीही जाते. अलीकडच्या काही आरशांत तांबं नसतंच. तिथे चुकायला एक थर कमी. उघडी पडलेली चांदी राखायची असेल तर तिच्यावर लगेच पारदर्शक वार्निशचा हात द्यावा, नाहीतर ती काळी पडते.

दुसरा आक्षेप विषाचा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बऱ्याच रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असायचं. अमेरिकेनं २०१९ साली घरगुती वापरासाठी असे रिमूव्हर विकायला बंदी केली. चांदी विरघळवणाऱ्या नायट्रिक ॲसिडचा तपकिरी धूर छातीला वाईट. नक्षीवर वाळूचा मारा करावा, तर त्या धुळीनं फुप्फुसं निकामी होतात. “इथं तशीही धूळच खातो आपण,” हे त्यावरचं आवडतं उत्तर. पण फुप्फुसांनी ड्युटीवर खाल्लेली धूळ पुरे. त्यांना घरी बिनपगारी ओव्हरटाइम कशाला? रिमूव्हर अंगणात, हातमोजे घालून, वारा पाठीशी ठेवून लावावा. ॲसिड घरात आणूच नये. वाळूचं काम बंद पेटीत करणाऱ्या दुकानात द्यावं.

तिसरा आक्षेप खास आमच्याकडचा: खाणीत ब्लास्टिंग झालं की खिडक्या थरथरतात, तिथे भिंतीवर काच टांगायची? रंग काढल्यानं काच काही कमजोर होत नाही. वाळूच्या माऱ्यानं मात्र थोडी होते. म्हणून पाठीवर पारदर्शक चिकट फिल्म चढवावी. काच तडकली तरी तुकडे बरेचसे जागच्या जागी राहतात.

राहता राहिले जुनाट दिसणाऱ्या आरशाचे शौकीन. शहरात लोक ॲसिडचे शिंतोडे मारून नव्या आरशाला म्हातारपण आणतात आणि त्याचे चढे दाम मोजतात. कुचन्याच्या कॉलनीतल्या कुठल्याही मोरीत हे फुकट होतं. तोंड धुताना उडालेलं पाणी खालच्या कडेनं आत शिरतं, तांबं गंजतं आणि काळे डाग सावकाश वर चढू लागतात. इथे कलाकारानं करायचं ते इतकंच, की फडकं मारायचं नाही.

शेवटचा आक्षेप घरातूनच येतो: एवढी नक्षी काढल्यावर तोंड कुठं पाहायचं? उत्तर सोपं आहे. चेहऱ्याच्या उंचीला हात लावू नये, आणि डाव्या कडेची दोन बोटं पट्टीही आराखड्यातून आधीच वगळावी. ती टिकल्यांची आहे. तिथला ताबा जुना आहे, आणि भूसंपादनाचा मोबदला भागवणं आपल्याला परवडणार नाही.