ईमेलवाला फोन घ्यावा की नाही?

ईमेल येणारा स्मार्टफोन घ्यावा की नाही, या प्रश्नावर आमच्या घरात तीन बैठका झाल्या. विरोधकांचा मुद्दा बिनतोड होता. ज्या नाशिकरोडला १९२५ पासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, जिथे देशाची टपाल तिकिटे छापली जातात, तिथल्या माणसाने बिनतिकिटाचे पत्र धाडणे म्हणजे रत्नागिरीत राहून डबाबंद आमरस आणणे!

समर्थकांनी मग ईमेलची रीत समजावली आणि सभा जिंकली. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी संगणकजाळ्यावरून पहिला ईमेल पाठवला, तेव्हा तो फारच अपुरा होता. ती उणीव आपण भरून काढली. आता आधी ईमेल करायचा. मग फोन करून सांगायचे, "साहेब, मेल टाकलाय." मग त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर. मग प्रिंट, दोन झेरॉक्स, आणि रिक्षाने जाऊन खिडकीवर पोच. एका पत्रात केवढ्यांना रोजगार!

ठराव एकमताने संमत झाला. पडद्याच्या काचेवर कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायला मोकळी जागा सोडावी, एवढीच सूचना मोबाइल कंपन्यांसाठी जोडली.

फोन आला. मी एका कार्यालयाला पहिला अर्ज ईमेलने पाठवला. तिसऱ्या दिवशी तत्पर उत्तर आले:

"आपला ईमेल मिळाला. कृपया तो टपालाने पाठवावा."