फोटो का येत नाहीत, त्याचा खुलासा

रॉचेस्टर, न्यूयॉर्क
फेब्रुवारी, दुसरा रविवार

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

आई, "महिना झाला, नातीचा एक फोटो नाही, सगळं बरं आहे ना?" असं तुम्ही परवा विचारलंत आणि तुमचे चिरंजीव "हो हो, पाठवतो" म्हणत फोन माझ्या हातात देऊन गेले. तेव्हा खुलासा मीच करते. सगळं बरं आहे. फोटो येत नाहीत, कारण आम्ही चांगला कॅमेरा घेतलाय.

फोनवर काढत होतो तोवर नात वरणभात खाताना, नात रडताना, नात मोजा चावताना, सगळं तुम्हाला त्याच दिवशी पोचायचं. आता तिनं मोजा तोंडात घातला की आधी लेन्स बदलायची असते. ती बदलून होईपर्यंत अर्धा मोजा आत गेलेला असतो आणि तो ओढून काढायला कॅमेऱ्यामागचं कुणी येत नाही.

निवडण्यातच दिवाळी ते संक्रांत गेली. सध्या सगळे मिररलेसच्या, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या, मागे आहेत. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर आरशाचा नवा कॅमेरा, म्हणजे डीएसएलआर, काढलेला नाही. पण म्हणूनच लोक आपले जुने विकतायत, असं यांचं गणित. शिवाय आतला आरसा उचलला जाऊन होणारा 'खटॅक' आवाज यांना हवाच होता. शेवटी निकॉनचा डी३५०० ठरला: २०१८ सालचा, २४ मेगापिक्सेल, एका चार्जिंगवर दीड हजार फोटो. जुन्या गाडीचे किलोमीटर बघतात तसा याचा शटर काउंट बघून घेतला. खरं सांगायचं तर मलाही तो आवडला. डोळा लावला की पडदा दिसत नाही, समोरचं खरंखुरं दिसतं.

गावाचाही दोष आहे म्हणा. रॉचेस्टर म्हणजे कोडॅकचं गाव. जगातला पहिला हातात धरायचा डिजिटल कॅमेरा इथल्याच स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरनं १९७५ साली कोडॅकमध्ये जुळवला. साडेतीन किलोच्या वर वजन, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. (आमच्या घरी अजूनही त्याहून जास्तच लागतात.) १९९१ साली कोडॅकनंच निकॉनच्या एफ३ मध्ये आपला सेन्सर बसवून व्यवसायातल्या फोटोग्राफरांसाठी पहिला डीएसएलआर विकायला काढला, त्याची डिस्कची पेटी वेगळी खांद्याला लटकवावी लागे. आणि एवढं सगळं करून २०१२ साली कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. हे मला कसं माहीत? ईस्ट अव्हेन्यूवर कोडॅक काढणाऱ्या जॉर्ज ईस्टमनच्या घराचं म्युझियम केलंय, तिथं कॅमेरा घ्यायच्या आधी 'अभ्यासाला' म्हणून आम्हा दोघींना नेलं होतं. तुमची नात तिथं छान झोपली.

कॅमेरा आला त्याच आठवड्यात ऑन्टॅरिओ सरोवराकडून बर्फ आला. अंगणात जाऊन काढलेला प्रत्येक फोटो राखाडी, जणू राखेत बसवलंय पोरीला. यांनी कार्डाला नावं ठेवली, लेन्सला ठेवली, विकणाऱ्यालाही ठेवली. त्या वेळी मी माहितीपुस्तक वाचत होते. पोरीला झोपवताना दुसरं काही वाचायला हाताशी नव्हतं. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. पांढरं शुभ्र दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि ते फोटो काळवंडवून टाकतं. त्यासाठी अधिक-उणेचं एक बटण असतं, ते दाबून चाक अधिक एक किंवा दीडवर नेलं की बर्फ पांढरा. हे मी सांगितल्यावर तुमचे चिरंजीव म्हणाले, "मी तेच करणार होतो."

मग हळदीकुंकू. इथल्या पंधरावीस जणी नटूनथटून तीन रांगांत उभ्या. यांनी नवी ३५ मिमीची लेन्स लावली आणि एफ/१.८ वर फोटो काढला. या एफचं सगळं उलटं असतं; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं, आणि छिद्र मोठं तेवढी नेमकी दिसणारी पट्टी अरुंद. त्यामुळे पुढच्या रांगेतल्या नथीचा मोती न् मोती मोजून घ्यावा आणि मागच्या दोन रांगांत नुसते पैठण्यांचे रंग. आठवर ठेवायला हवं होतं. पुढच्या रांगेतल्यांनी तो फोटो लगेच डीपीला लावला. मागच्या रांगेतली एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

थंडीत नेलेला कॅमेरा उबदार घरात तसाच आणला की त्यावर दव धरतं, म्हणून दाराबाहेरच तो झिपच्या पिशवीत बंद करायचा असतो. पिशवी कुठली, तर तुम्ही मेतकूट पाठवलेली. कॅमेऱ्याला अजून हिंगाचा वास आहे.

आता मूळ मुद्दा. फोटो काढलेत, ढिगानं काढलेत. गावाच्या मधोमध जेनेसी नदीचा हाय फॉल्स धबधबा आहे, त्याचे तर शेकड्यांनी आहेत. पण सगळे 'रॉ'मध्ये, म्हणजे एकेक वीसेक एमबीचा, आणि ते कॉम्प्युटरवर बसून 'धुतल्याशिवाय' पाठवायचे नाहीत असा यांचा दंडक. काल हे अंघोळीला गेले तेव्हा मी सेटिंग बदलून रॉ आणि जेपीईजी दोन्ही केलंय. बुधवारपर्यंत तुम्हाला नात दिसेल. यांना सांगू नका.

बाबा, तुमच्या फिल्मच्या निकॉनची ५० मिमीची लेन्स याला चालेल का, असं विचारलंत ना? बसेल. निकॉननं लेन्सची ती खाच १९५९ पासून तीच ठेवली आहे. यावर ती साधारण ७५ मिमीसारखी वागेल, चेहऱ्यांना फारच छान. फक्त फोकस हातानं करावा लागेल, आणि मीटर अजिबात चालणार नाही. उजेड डोळ्यांनी ओळखून आकडे लावायचे. ते इथं कुणाला येत नाही. तेव्हा लेन्स कुरिअरनं नको, मे महिन्यात तुम्हीच घेऊन या. हायलँड पार्कमध्ये तेव्हा लायलॅक फुललेला असतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सून

ता. क. लेन्स हातातल्या बॅगेत ठेवा. मागच्या खेपेसारखी लोणच्याशेजारी कुठलीही वस्तू नको.