मिसिंग मारणारी गाडी: नवशिक्यांसाठी

लागणारं सामान: दहा नंबरचा पाना, प्लग पाना, टॉर्च आणि पार्किंगमध्ये कोणीही नसेल अशी वेळ. पहिल्या तीन वस्तू बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात मिळतात. चौथी पुण्यात मिळत नाही.

बॉनेट उघडल्याचा आवाज झाला की बाल्कन्यांची दारं उघडतात. दुसऱ्या मजल्यावरचे काका टेल्कोतून निवृत्त झालेत (कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, हे त्यांना अजून मंजूर नाही). इंजिन चालू व्हायच्या आतच ते वरून निकाल देतात, "पेट्रोलमध्ये पाणी!" तळमजल्यावरचे म्हणतात, "उंदीर!" दोघांनाही हो म्हणा. वाद घातलात तर चहा होईल, निदान होणार नाही. उंदीर मात्र अगदीच थट्टेवारी नेऊ नका. उबेला ते इंजिनावर येऊन बसतात आणि बसल्या बसल्या वायरी कुरतडतात. तेव्हा टॉर्च मारून एकदा बघून घ्या.

आता गाडी चालू करा आणि गप्प राहा. पुणेकरासाठी हीच सगळ्यात अवघड पायरी आहे.

चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणग्या बहुधा एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने पडतात. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब हात धरा. तीन फुंकरी आणि चौथ्या जागी नुसतीच फुस्स, असं लागलं तर एक सिलिंडर सुट्टीवर आहे. मारुती ८०० वाल्यांनी घाबरू नये. त्या गाडीला मुळात सिलिंडरच तीन, थोडी थरथर जन्मजात. आणि आवाज एकसारखा पण स्टिअरिंग, सीट, चष्मा सगळं थडथडतंय, तर इंजिन माउंटिंगचं रबर बघा. तिथे मिसिंग शोधत बसू नका.

गाडी कुठे अडखळते तेही महत्त्वाचं. नळस्टॉपच्या सिग्नलला उभी असताना थरथरते आणि पळायला लागली की शहाण्यासारखी वागते? मग थ्रॉटल बॉडीत कचरा किंवा एखाद्या फाटक्या पाइपातून चोरटी हवा. उलट कात्रजचा घाट चढतानाच झटके देते? मग प्लग किंवा कॉइल. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि मरतुकड्या ठिणगीला तिथून उडी मारवत नाही. सीएनजीवर अडखळते आणि पेट्रोलवर गाते, तरीही आधी प्लगच बघा. गॅस पेटवायला ठिणगी जास्त दमदार लागते.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा नुसता लागला असेल तर गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि मग हजारांच्या दुखण्यावर त्याहून कितीतरी मोठं बिल येतं.

पुढे स्कॅनर लावून कोड वाचा. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ०३०२ म्हणजे दुसरा, असं चारापर्यंत. एक ते चार दुकानं बंद असतात हे पुणेकराला सांगायला नको. इथे त्यातला बहुधा एकच बंद असतो, एवढाच फरक.

कोड घर दाखवतो, चोर दाखवत नाही. ०३०२ आला म्हणून चारही प्लग, चारही कॉइल आणि वर इंजेक्टर क्लीनिंग असं अख्खं जेवणाचं ताट मागवणारे लोक मी पाहिलेत. (एकाला रोज दाढी करताना आरशात पाहतो.) त्यापेक्षा इंजिन गार होऊ द्या. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर बसवा, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसा आणि एक चक्कर मारून या. आता ०३०३ आला तर कॉइल दोषी. ०३०२ च राहिला तर तोच खेळ प्लगांचा.

प्लग काढलाच आहे तर त्याचं तोंड वाचा. फिकट विटकरी म्हणजे तब्येत ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन तापतंय. तेलाने ओला असेल तर मन घट्ट करा, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. प्लग बदलूनही कोड हलला नाही तर इंजेक्टर, नाहीतर कॉम्प्रेशन. तिथून पुढे मेकॅनिकचं राज्य. त्याला "मिसिंग मारतीये" एवढंच न सांगता "कॉइल, प्लग फिरवून बघितले, कोड दुसऱ्यावरच आहे" असं सांगा. तो चहा मागवतो.

कॉइल दोषी निघाली तर जुनी हातात घेऊन नाना पेठेत जा. नुसतं वर्णन करू नका. ते संपायच्या आत दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो.

नवी कॉइल बसवा. दहाच्या पान्याने बोल्ट आवळा, पण जोर लावू नका. गाडी चालू करा. चारही फुंकरी सारख्या लागतील. तेवढ्यात वरून आवाज येईल, "काढलंस ना पाणी पेट्रोलमधलं?"

"हो, काका."