बाहेरचं माझ्यात नाही

पुण्यात घराच्या जाहिरातीत ‘अ‍ॅटॅच्ड टेरेस’ हे दोन शब्द आले की वाचणाऱ्याला लगेच दिसायला लागतं: संध्याकाळ, गार वारा, वेताची खुर्ची आणि समोर टेकडी. चित्र खोटं नसतं. फक्त त्यात खुर्ची पुसणारं माणूस दाखवलेलं नसतं.

आमच्या गच्चीसमोरही टेकडी होती. आता तिथे टॉवर वर येतो आहे. टेकडी दिसत नसली तरी तिची माती रोज सकाळी आमच्या खुर्च्यांवर येऊन बसते. आमच्याआधी, आणि आमच्यापेक्षा जास्त वेळ.

हे फर्निचर काही एकदम आलेलं नाही. आधी विणीचा सोफा, दोन खुर्च्या आणि काचेचं टेबल आलं. मग जुन्या बाजारातून सागवानी बाक आला; ‘बर्मा टीक आहे साहेब, नशीब लागतं,’ असं विकणारा म्हणाला होता. मग नणंदेने बंगला विकला, तेव्हा तिचं नक्षीदार लोखंडी टेबल आणि दोन खुर्च्या ‘सध्या राहू देत’ म्हणून आमच्याकडे आल्या. शिवाय पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या कधी आणल्या हे कुणालाच आठवत नाही. मराठी घरात त्या असतातच. कार्य निघालं की वाढतात आणि कार्य उरकलं तरी सगळ्या परत जात नाहीत.

आमच्याकडच्या मावशींनी पहिल्याच दिवशी गच्चीच्या दारात उभं राहून या पसाऱ्यावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, ‘ताई, बाहेरचं माझ्यात नाही.’ झाडू-फरशी, भांडी, महिन्यातून एकदा जळमटं हे त्यांच्यात. मी पैसे वाढवून देते म्हटलं. ‘पैशाचं नाही ओ. आतलं पुसलं तर दुपारपर्यंत तरी टिकतं. हे पुसून वळेस्तोवर परत तेच.’ फर्निचरच्या दुकानात आम्ही दोन तास काढले होते. तिथे कुणी ही माहिती दिली नव्हती.

तर बाहेरचं माझ्यात आणि नवऱ्यात आलं. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. नवरा मोबाइलवर व्हिडिओ बघतो. दोन्ही शास्त्रांचा मेळ बसायला वेळ लागतो.

विणीच्या सोफ्याला घरात सगळे वेताचा म्हणतात. वेताचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. खरा वेत म्हणजे झाडांवर चढत जाणारा, काटेरी, ताडाच्या कुळातला वेल. सह्याद्रीच्या ओल्या जंगलात तो मजेत वाढतो. पण तोडून त्याची खुर्ची केली की त्याला तीच ओल सोसत नाही, लगेच बुरशी धरतो. आमचा सोफा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांवर विणलेल्या पॉलिथिनच्या पट्ट्या. ‘मॅडम, याला काही म्हणजे काही होत नाही,’ दुकानदार म्हणाला होता. पॉलिथिनबद्दल हे विधान मीही वर्गात करते; पण पर्यावरणाच्या धड्यात, आणि दुःखाने.

उन्हाने मात्र त्याला होतं. अतिनील किरण पॉलिथिनच्या लांब साखळ्या तोडत राहतात, पट्टी पांढुरकी पडते आणि मग एखादा जाडजूड पाहुणा टेकला की ‘कट्’ असा आवाज येतो. पाहुणा ओशाळतो. त्याचा काही दोष नसतो, पण आम्ही ते सांगत नाही.

आणि घाण. एका पट्टीखालून दुसरी जाते तिथे प्रत्येक ठिकाणी एक बारीकसा कप्पा होतो. त्या कप्प्यांमध्ये टॉवरचं सिमेंट असतं, फुलबाज्यांची राख असते, चिवड्यातलं डाळं असतं, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा एक काळा, चिकट थर असतो. फडका वरून फिरतो, आत शिरत नाही. तिथे जुना टूथब्रशच लागतो. आमच्या घरातला प्रत्येक टूथब्रश निवृत्त झाला की गच्चीवर रुजू होतो.

नवऱ्याने त्यासाठी बाटल्या मागवल्या. एकीवर हसतं कुटुंब होतं, एकीवर नुसतीच खुर्ची, तीही हसल्यासारखी. मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं, वापरण्याआधी सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावे. ‘धुऊन घ्यायचंच आहे, तर मग ही बाटली कशाला?’ सासूबाईंनी विचारलं. यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. त्यांनी रिठे भिजत घातले. रिठ्यातल्या सॅपोनिनचा फेस होतो, मळ सुटतो आणि पट्टीचा रंग शाबूत राहतो. मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अगं, त्याला सॅपोनिन म्हणतात हे माहीत नव्हतं, तरी पैठणी धुतलीच ना मी.’

बुरशीच्या काळ्या डागांवर मात्र रिठा चालेना. एका रविवारी मी गच्चीवर आले, तर नवऱ्याच्या एका हातात ब्लीच आणि दुसऱ्या हातात टॉयलेट धुवायचं अ‍ॅसिड. ‘अगं, दोन्ही एकत्र टाकतो. डबल पॉवर.’ हे प्रकरण मी वर्गात समीकरण लिहून शिकवते. घरी ओरडून शिकवलं. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड पडलं की क्लोरिन वायू सुटतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने सोडला तो हाच. तिथे निदान समोर शत्रू होता. इथे नुसता सोफा होता.

सागवानाचं दुखणं निराळं. त्याच्या अंगातच तेल असतं, म्हणून पाणी आणि वाळवी यांना तो सहसा दाद देत नाही; जहाजांच्या डेकवर सागवान घालत ते त्यामुळेच. पण रंग त्याला राखता येत नाही. वरच्या थरातलं लिग्निन उन्हाने सुटतं, पावसाने धुऊन जातं आणि लाकूड करडं, चंदेरी होतं. आतलं अगदी ठणठणीत असतं. इंग्लंडात या करड्या रंगाचं कौतुक आहे. नवी दिल्ली आखणाऱ्या ल्युटेन्सने बागेसाठी एक बाकही आखला होता. तो अजून त्याच्या नावाने विकला जातो, आणि हौशी लोक तो घेऊन करडा व्हायची वाट बघतात. आमचा बाक वाट न बघता झाला. तेव्हा शेजारचे काका त्यावरून हात फिरवून म्हणाले, ‘काय हो वहिनी, चांगल्या लाकडाची पार रया घालवलीत.’

मग टीक ऑइल आलं. टीक ऑइल सागापासून काढत नाहीत. बहुतेक डब्यांत जवसाचं नाहीतर टंगचं तेल असतं आणि ते पातळ करायला टर्पेंटाइनसारखं काहीतरी. जवस म्हणजे सासूबाई ज्याची चटणी करतात तेच, आणि लहानपणी नवरा बॅटला चोळायचा ते तेलही त्याचंच. तो अनुभव गाठीशी असल्याने त्याने बाक उत्तम चोळला. इतका, की हा बाक घेऊन तो ओपनिंगला जातो की काय असं वाटलं. काम झाल्यावर त्याने फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात भिरकावला, आणि मी तो उचलून पाण्याच्या बादलीत बुडवला. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं. त्यात उष्णता निघते. फडका पसरलेला असेल तर ती निघून जाते. बोळ्यात कोंडली तर बोळा आपोआप पेटू शकतो.

‘काडी न लावता?’

‘काडी न लावता.’

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या एखाद्या वाक्याकडे त्याने इतकं लक्ष दिल्याचं मला आठवत नाही.

बाक महिनाभर देखणा दिसला. श्रावणात त्यावर काळे ठिपके उमटले, कारण जवसाचं तेल बुरशीलाही आवडतं.

लोखंडाबद्दल थोडक्यात. लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून रंग आतून फुगतो, पापुद्रा सुटतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण बोलता बोलता तो नखाने सोलतो. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड, वर ऑइल पेंटचे दोन हात, हे रंगारी एका दमात सांगतो आणि ‘गुरुवारी येतो’ म्हणून जातो. गुरुवार येतो. खुर्च्यांच्या पायाखाली फरशीवर तांबडी वर्तुळं उठतात ती लिंबू-मिठाने निघतात, पण आमच्यासारख्या टाइल्सवरच. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. तिच्यावर लिंबू चोळलं तर डागाबरोबर फरशीलाही खातं.

कबुतरांचा विषय मी काढणार नव्हते. 2025 मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद करण्याचं प्रकरण उच्च न्यायालयात गाजलं. आमच्या गच्चीवरचा निर्वेध चालू आहे. त्यांची घाण वाळली असताना कधी खरवडू नये, ती धूळ श्वासातून आत जाते आणि फुफ्फुसाला कायमचं दुखणं लावू शकते. आधी पाणी मारून भिजवायची, नाकाला मास्क लावायचा, मग पुसायची. कोविडातले उरलेले मास्क आमच्याकडे याच खात्यावर खर्ची पडले.

या सगळ्यावर रामबाण उपाय म्हणून कव्हर आली. त्याआधी बोहरी आळीतून आणलेली निळी ताडपत्री होती, पण ती सोसायटीच्या ग्रुपवर ‘शोभत नाही’ असं ठरलं. नवी कव्हर मापाची, खाकी, वॉटरप्रूफ. वॉटरप्रूफ म्हणजे पाणी आत जात नाही आणि आत गेलेलं बाहेर येत नाही. आषाढात एकदा कव्हर उचललं तर आतून गरम, कुबट वाफ आली. गाद्यांचा फोम दाबला की बोटांच्या बाजूने पाणी वर यायचं. त्या गाद्या आता घरात, पंख्याखाली, भिंतीला टेकवून उभ्या असतात आणि आम्ही त्यांच्या कडेने वावरतो. एका खुर्चीत मांजर व्यालं होतं. ती खुर्ची तिची बाळं मोठी होईपर्यंत आमच्या हिशेबातून वजा झाली. बाकीचं फर्निचर तोंड झाकून बसलं, घरी आणताना रुमालाने झाकलेल्या गणपतीसारखं. गणपतीचा रुमाल निदान दुसऱ्या दिवशी काढतात.

पाहुणे विचारतात, ‘यात काय आहे?’

‘फर्निचर आहे.’

‘अरे वा, छान आहे.’

सासूबाई मूळच्या गुहागरच्या. जन्म समुद्राच्या खाऱ्या हवेत गेला. तिथे खिडकीचे गज डोळ्यांदेखत बारीक होतात. बाहेर काय ठेवावं याबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं आहे: ‘दगडाचं असावं, नाहीतर रात्री आत नेता यावं.’ मी यावर बराच विचार केला, आणि त्यांचं चुकत असल्याचा एकही दाखला मला सापडला नाही. पार, कट्टा, ओटा, देवळाची पायरी: फुंकर मारायची आणि बसायचं. पावसात भिजले तर भिजले, ते त्यांचं ते बघून घेतात. आणि दुसरीकडे बाज, चटई, घोंगडी, घडीची आरामखुर्ची: सांज झाली की उचलायची आणि आत. बाज दिवसभर उन्हात टाकायची ती ढेकणांसाठी, माणसांसाठी नव्हे, आणि तीही रात्री आत यायची. झोपाळा हवा तर पडवीत, कौलांखाली. यातलं मधलं काही नव्हतंच. आत न्यायला जड आणि बाहेर ठेवायला नाजूक, अशी वस्तू पैसे मोजून आणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

‘आई, परदेशात सगळे बाहेरच ठेवतात,’ नवरा म्हणाला. खात्री करायला बोस्टनच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तो त्या वेळी गॅरेजमध्ये खुर्च्या रचत होता. ‘मामी, ऑक्टोबर संपत आला ना! आता मेपर्यंत सगळं आत.’ सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसतं मुलाकडे बघितलं.

भाच्याकडे ती रुंद हातांची, मागे रेललेली लाकडी खुर्ची आहे, अ‍ॅडिरॉन्डॅक. 1903 साली न्यूयॉर्क राज्यात, वेस्टपोर्टला, टॉमस ली नावाच्या गृहस्थाने ती घडवली. घरच्या माणसांना एकेका नमुन्यावर बसवून, त्यांचं मत घेऊन. 1905 मध्ये तिचं पेटंट मात्र त्याच्या ओळखीच्या सुताराच्या, हॅरी बनेलच्या नावावर झालं. आमच्या गुरुवारच्या रंगाऱ्याशी बोलताना मी ही गोष्ट मनात ठेवते आणि जरा बरं वाटून घेते.

राहता राहिला बसण्याचा प्रश्न. जूनमध्ये मृग लागला की कव्हर चढतात ती हस्त संपेपर्यंत उतरत नाहीत. मग ऑक्टोबरची हीट. मग दिवाळी, फटाक्यांचा धूर. नोव्हेंबरपासून हवा खरोखर छान असते आणि हे डासांनाही माहीत आहे. जानेवारीत सासूबाईंचे गुडघे धरतात. मार्चपासून लोखंडी खुर्चीवर दुपारी चपाती भाजता येईल आणि संध्याकाळीही तिला टेकलं तर माणूस ताडकन उठतो. अधूनमधून एखादी मोकळी संध्याकाळ सापडते, तेव्हा आम्ही फर्निचर धुतो.

एप्रिलमध्ये मात्र गच्ची खरी कामाला लागते. काचेचं टेबल म्हणजे वाळवणाला देणगीच: सपाट, उंच, मुंग्या चढेपर्यंत वेळ मिळतो, आणि काच तापली की साबुदाण्याच्या पापड्या खालूनही वाळतात. सासूबाईंनी ते पहिल्याच उन्हाळ्यात ताब्यात घेतलं. बाकावर धुतलेली साडी अंथरून कुरडया. लोखंडी टेबलावर गंजाचा डाग लागेल म्हणून खाली परात, परातीत सांडगे. सोफ्याच्या पाठीवर मिरच्या. सगळं घासून पुसून लख्ख केलेलं, कव्हर घडी करून बाजूला, गच्ची अगदी कॅटलॉगमधल्यासारखी भरलेली. रविवारी नवरा पेपर घेऊन आला आणि इकडे तिकडे बघत उभा राहिला.

‘आई, मी कुठे बसू?’

‘ती पांढरी घे,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आणि ही काठी धर. कुरडयांवर कबुतरं बसतात.’