गाडी काढणारे काका

बाकीचे लोक गावाला जायचं असलं की गाडीत बसतात आणि निघतात. काका गाडी 'काढतात'. मराठीत आजारपण काढतात, बाळंतपण काढतात, वरात काढतात आणि अगदीच नड असली तर कर्जही काढतात. काकांचं गाडी काढणं या चारही अर्थांनी असतं.

प्रत्येक घराण्यात असे एक गृहस्थ असतात. वय साठीच्या पुढं. उभी नोकरी कारखान्यात, शक्यतो टूलरूममध्ये. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टायरची हवा मोजायचं गेज, आणि पार्किंगमध्ये खाकी आवरणाखाली झाकून ठेवलेली एक जुनी गाडी. आमच्या काकांची फियाट आहे. जन्म कुर्ल्याचा, साल १९८७. आरसी बुकात तिचं नाव 'प्रीमियर पद्मिनी'. मूळची ही इटलीची फियाट अकराशे. १९७४ पासून तिला चित्तोडच्या राणीचं नाव लागलं. पण लग्नात नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावानं हाक मारतात, तसे काका तिला फियाटच म्हणतात.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचं वय भरलं, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा काकांनी जवळजवळ सुतक पाळलं. मुद्दाम मुंबईला जाऊन आले. अंत्यदर्शन म्हणून गेले आणि येताना कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून दोन कार्ब्युरेटर आणि एक अख्खा रेडिएटर घेऊन आले. माणसाचं दुःख किती व्यवहारी असू शकतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

दरवर्षी गणपतीला गुहागरजवळच्या घरी जायचं असतं. तयारी सुरू होते आषाढी एकादशीला. त्या दिवशी देव शेषावर पहुडतात आणि काका फियाटखाली. पुढचे सात आठवडे पार्किंगमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांचे फक्त पाय दिसतात. आमच्या इमारतीतली लहान मुलं त्यांना तोंडापेक्षा चपलांवरून जास्त ओळखतात.

आता गाडीला काही झालेलं असतं का? नाही. तिला काही होत नाही हीच तर खरी अडचण. काकांच्या मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज आहे आणि तो फार मोजकं बोलतो. तो बॉनेट उघडतो, कान देतो आणि म्हणतो, "काका, मस्त आहे. बिनधास्त जाऊन या." एवढ्यावर दुसऱ्या कुणीही चहा पाजला असता. काकांचा चेहरा पडतो. रोग नाही म्हणणाऱ्या डॉक्टरवर म्हाताऱ्या माणसांचा जसा विश्वास बसत नाही, तसं त्यांचं होतं. ते म्हणतात, "तू तिसऱ्या गिअरमध्ये ऐकलं नाहीस. चाळीसच्या पुढं एक बारीक खुट् येतं." मग मिस्त्री गाडी चाळीसच्या पुढं नेतो. खुट् येत नाही. काका म्हणतात, "तुझ्यासमोर नाही यायचं."

मग टॅपेट सेट होतात. पॉइंटची गॅप फीलर गेज घालून तपासली जाते. प्लग काढून उन्हात धरले जातात; वैद्य जीभ बघतो तसे काका प्लगचं टोक बघतात. बिस्किटासारखा तपकिरी रंग असला तर प्रकृती उत्तम, काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त जातंय, पांढुरकं दिसलं तर उष्णता वाढली आहे. ब्रेक ऑइल बदललं जातं, कारण ते बाटलीत असो वा गाडीत, हवेतलं पाणी पीत बसतं, आणि घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल थेट खाली जातं. हे मला माहीत आहे, कारण हे मी अकरा वर्षं ऐकतो आहे.

टायरची तर ते कुंडलीच मांडतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे समजल्यापासून काका कुणाच्याही गाडीशी आधी खाली वाकून बोलतात. मागं आमच्याकडं मुलगी बघायला पाहुणे आले, तेव्हा काका त्यांना घ्यायला खाली गेले आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "तुमची स्टेपनी आठ वर्षांची आहे, कल्पना आहे ना?" ते स्थळ जमलं नाही. कारण दुसरं होतं, पण घरात खापर अजून स्टेपनीवरच फोडतात.

सगळ्यात कळस झाला तो थर्मोस्टॅटचा. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडं जाऊ द्यायचं नाही आणि तापलं की जाऊ द्यायचं, असा तो इंजिनाच्या पाण्याचा दरवान. आपल्याकडच्या पुष्कळ मिस्त्रींचं त्याच्याशी वाकडं. त्यांचा सल्ला एकच, "काढून टाका, कटकट नको." आमच्या मिस्त्रीनंही तोच दिला. काकांनी तो थर्मोस्टॅट रुमालात गुंडाळून घरी आणला, काकूच्या दुधाच्या पातेल्यात पाणी घालून त्यात दोऱ्यानं टांगला आणि गॅस पेटवला. हातात कुठल्याशा प्रयोगशाळेतून मागून आणलेला थर्मामीटर. साठ झालं, सत्तर झालं. काकू दारात उभी. आम्ही पोरं तिच्या मागं. ऐंशीच्या पुढं पारा सरकला आणि ती पितळी झडप हळूच हलली. "उघडला!" काका असे ओरडले, की शेजारच्या जोशीणबाईंना वाटलं दहावीचा निकाल लागला. काकू शांतपणे म्हणाली, "तीन वर्षं झाली, आपल्या गीझरचा काटा अडकलाय. तो कधी उघडायचा?"

तिनं ते पातेलं पुन्हा दुधाला घेतलं नाही. आता त्यात डिस्टिल्ड वॉटर असतं.

निघण्याच्या आदल्या रविवारी रंगीत तालीम. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत, पूर्ण भारासह. भार म्हणजे आम्ही. माणसं कमी पडली तर पाण्याचे वीस लिटरचे कॅन. "तुझं वजन किती?" हा प्रश्न काका मला वर्षातून एकदा विचारतात आणि उत्तर वहीत लिहून घेतात. वहीत १९८७ पासून भरलेल्या प्रत्येक लिटरची नोंद आहे. माझ्या जन्माच्या तारखेलाही आहे, 'नऊ लिटर, ससून, मुलगा.'

डिकी भरणं हा आणखी एक सोहळा. फॅन बेल्ट दोन, पॉइंट, कंडेन्सर, प्लगचा संच, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, होज पाइप, क्लिपा, ॲक्सिलेटरची वायर, फ्यूज, बल्ब, ट्यूब. पंप तापून पेट्रोलची वाफ झाली तर त्यावर टाकायला ओला फडका. टाकी गळली तर छिद्रावर चोळायला साबणाची वडी; ही वडी अंगाला लावल्याबद्दल माझ्या आतेभावानं एकदा बोलणी खाल्ली आहेत. थोडक्यात, डिकीत दुसरी फियाट सुटी करून ठेवलेली असते. मग मखराच्या पट्ट्या काकूच्या मांडीवर येतात आणि मोदकाचे साचे माझ्या पायाशी. गीअर स्टीअरिंगला, पुढं अखंड बाकडं, त्यामुळं तिथं काका, काकू, मी आणि नारळाची पिशवी असे चौघं.

मागच्या वर्षी आम्ही हरतालिकेच्या दिवशी पहाटे चारला निघालो. लिंबू, नारळ, हळदकुंकू सगळं झालं. खंबाटकी घाट चढायला लागलो तेव्हा नुकतं उजाडत होतं, आणि घाटात गाड्यांची ही रांग. आमची एक हजार एकोणनव्वद सीसीची म्हातारी दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत चालली होती. पाण्याचा काटा मधोमध, हलायला तयार नाही. आजूबाजूला मात्र चांगल्या चकचकीत, छतातून आभाळ दिसणाऱ्या गाड्या बॉनेट वर करून वाफा सोडत उभ्या. मला वाटलं, आज काकांच्या सात आठवड्यांचं सार्थक झालं.

काकांनी गाडी बाजूला घेतली.

"काय झालं?" काकू.

"आपल्याला काही नाही," काका म्हणाले. त्या आवाजात हळहळ होती की काय, देव जाणे. तेवढ्यात समोर एक तरुण वाफाळत्या गाडीचं झाकण फिरवायला निघाला होता. "हात लावू नकोस!" काका पार्किंगमधल्या चपलांसकट धावले. दाबाखाली पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण उघडलं की दाब जातो आणि एकदम उसळतं, तोंड भाजतं, हे त्याला तिथंच उभं राहून समजावलं. मग त्याला एसी बंद आणि हीटर पूर्ण चालू करायला लावलं, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते आणि इंजिन निवतं. इंजिन निवलं. आतली मंडळी घामानं निथळली, पण काकांना दुवा देत गेली. एक तास.

उंब्रजला हमरस्ता सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो तर कडेला एक नवी गाडी पंक्चर होऊन उभी. तिच्यात कंपनीनं स्टेपनीच दिली नव्हती, नुसती एक फेसाची बाटली आणि पंप. काकांना ते काही केल्या पटेना. "स्टेपनी नाही? म्हणजे काय? लग्नाला बोलवायचं आणि जेवायला घालायचं नाही?" टायर कडेला फाटलेला, त्यामुळं बाटलीचा उपयोग नाही. पाटणहून माणूस आणून, टायर मिळवून, बसवून होईपर्यंत दीड तास.

कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकचा करपट वास आला. आमचा नव्हे. पुढं एकजण पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडत होता. त्याला थांबवून, चाकं निवेपर्यंत पावसात उभं करून, चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे काकांनी तीन वेळा म्हणवून घेतलं. मग पोफळीच्या अलीकडं एक रिक्षा, आणि चिपळूणमध्ये एक टेम्पो, ज्याचं प्रत्यक्षात काहीच बिघडलं नव्हतं. ड्रायव्हर फक्त चहा पीत होता.

या सगळ्या वेळी काकू गाडीत बसून. तोंडात पाण्याचा थेंब नाही, मांडीवर मखर. हा उपास ती ज्यांच्यासाठी करते त्यांचे फक्त पाय तिला समोर दिसत होते, टेम्पोखालून बाहेर आलेले.

दुपारी जेवायच्या आत पोचायचं ते आम्ही दिवेलागणीला पोचलो. गणपती मूर्तिकाराच्या शाळेतून आणायला चुलतभावाला त्याच्या रिक्षानं पाठवावं लागलं होतं. फियाट वाटेत एकदाही बंद पडली नाही. काकांनी वहीत लिहिलं, 'बिघाड : निरंक.' काकूनं ते वाचलं आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, 'उशीर : सहा तास.'

रात्री सगळे निजल्यावर अंगणात उजेड दिसला म्हणून मी बाहेर आलो. काका बॅटरी घेऊन बॉनेटमध्ये वाकले होते. मला पाहून म्हणाले, "उतारावर पुन्हा आलं रे ते खुट्."

तर यंदा गणपतीला कुंभार्लीमार्गे जाणार असलात आणि वाटेत गाडी बंद पडलीच, तर मलईच्या रंगाची एक फियाट दिसताक्षणी बॉनेट खाली पाडा आणि निसर्ग बघायला थांबल्यासारखं दाखवा. फियाट वळणाआड गेली की हवं तर पुन्हा उघडा. ही विनंती काकूची आहे.