एक जानेवारीची उधारी

नाशिकच्या भांडीबाजारात आमच्या पेढीवर कॉम्प्युटर आला तो हिशेबासाठी नव्हे, समोरच्या पेढीत आला म्हणून. 1984 मध्ये राजीव गांधींच्या सरकारनं संगणकाचं धोरण सैल केलं. पुढच्या चार-पाच वर्षांत सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून त्याची वार्ता गावात उतरली, आणि मी जिथे कारकून होतो त्या पेढीच्या शेठजींची झोप उडाली.

यंत्राला धूळ सोसत नाही म्हणून माळ्यावर काचेची खोली झाली, एसी बसला, ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी लागली. शेठजी खाली पंख्याखाली घाम पुसत आणि कॉम्प्युटर वर गारव्यात. पहिल्या दिवाळसणाला त्यांच्या थोरल्या जावयालाही एवढा मान मिळाला नव्हता.

दिवाणजी मात्र गादीवरून हलले नाहीत. रोजकीर्द, खतावणी, तेरीज सगळं त्यांच्या बोटांवर. त्यांनी एकच विचारलं, “वीज गेली की हा काय करतो?”

“बंद पडतो.”

“मी नाही पडत,” म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून कामाला लागले. शेठजींनी दोन्हीकडे हिशेब ठेवायचा हुकूम सोडला. काम निम्मं होणार होतं, ते दुप्पट झालं.

वहीत गिऱ्हाइकांची नावं ‘सिन्नरचे तात्या, मिशीवाले’, ‘निफाडचे तात्या, बिनमिशीचे’ अशी असत. कॉम्प्युटरला मिशी कळेना. त्याला कोड हवा. सिन्नरचे तात्या एस-17 झाले. बिल पाहून ते गादीसमोरच उभे राहिले. “आजोबांपासूनचं खातं आमचं. आता काय कैद्याचा बिल्ला लावता होय?”

पण खरा घोळ तारखेनं घातला. त्या डॉसवाल्या यंत्रात स्वतःचं घड्याळ नव्हतं. सुरू केलं की ते तारीख विचारी. न सांगता नुसतं एंटर दाबलं, की बिनदिक्कत 1 जानेवारी 1980 धरून चाले. ऑपरेटर पोरगा घाईचा. एका सकाळी त्यानं एंटर दाबलं, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरनं बाजारभर ऐकू जाईल असं करकरत थकबाकीची पत्रं काढली. सगळी एक जानेवारीची. दुपारच्या टपालात गेलीसुद्धा.

येवल्याच्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा नुकताच वकील झाला होता. उत्तर आलं: ‘आपल्याच पत्रानुसार येणे 1980 पूर्वीचे दिसते. मुदतीच्या कायद्याने तीन वर्षे उलटल्याने दावा चालणार नाही, सबब विषय संपला. धाकटीच्या लग्नाची भांडी मात्र वेळेवर पाठवावीत. उधारीवर.’

शेठजी पत्र घेऊन माळ्यावर धावले. कॉम्प्युटर थंड होता. मग ते खाली दिवाणजींकडे आले. दिवाणजींनी लाल वही उघडली, पान काढलं. बाकीच्या आकड्याखाली गेल्या पाडव्याची वकिलाच्या वडिलांचीच सही! लेखी कबुलीच्या सहीपासून मुदत पुन्हा मोजतात, हे वकिलानं पुस्तकात वाचलं असेल, दिवाणजी गादीवर बसून शिकले होते.

पुढे 1989-90 च्या करनिर्धारण वर्षापासून आयकर कायद्यानं सगळ्यांचं वर्ष 31 मार्चला संपवलं. दिवाळी ते दिवाळी हिशेब संपला, पूजा नाही. लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी फ्लॉपी मांडली. गुरुजींनी तिच्या उघड्या फटीत मनापासून कुंकू भरलं. लक्ष्मी पावली असेल, फ्लॉपी परत वाचली गेली नाही.

तिकडे बंगळूरला श्यामसुंदर गोएंका नावाच्या व्यावसायिकाला हिशेबाचं मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना. त्यांनी मुलाला, भरतला, लिहायला बसवलं. 1986 मध्ये कंपनी निघाली, आणि तेच सॉफ्टवेअर पुढे टॅली म्हणून गावोगावच्या पेढ्यांत शिरलं. त्यात खात्याला कोड लागत नसे, नाव चाले. आमच्याकडे आलं, तेव्हा एस-17 पुन्हा तात्या झाले, मिशीसकट.

आमच्या बाजारात बेरीज कधी अडत नव्हतीच, अडायची ती वसुली. ती आजही कुठलं यंत्र करून देत नाही. ‘उद्या देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात माणसानंच जाऊन बसावं लागतं. तुम्हीही जाणार असाल, तर तिथे चहा घेऊ नका. चहा घेतला की पंधरा दिवसांची मुदत आपणच दिली म्हणून समजा.