झाडाची फीत कशी कापणार?

भायखळ्याची राणीची बाग लोकांसाठी नव्याने सजवायची, असं कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळाच येतो. बाग उघडली 1862 साली, लोकांसाठीच. तरी दर काही वर्षांनी ती पुन्हा लोकांसाठी करावी लागते. मधल्या काळात ती कुणासाठी असते, हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेलं नसतं.

जे कुठे ठेवावं कळत नाही ते राणीच्या बागेत टाका, ही मुंबईची जुनी रीत. घारापुरीचा दगडी हत्ती साहेबाला विलायतेला न्यायचा होता. उचलताना त्याचे तुकडे झाले. पुढे सांधून उभा केला तो इथे. 1965 मध्ये काळा घोडा सातव्या एडवर्डला पाठीवर घेऊन चौकातून निघाला, तोही इथेच. (चौक अजून घोड्याचंच नाव लावतो, राजाला कुणी विचारत नाही.) 2016 मध्ये सोलहून पेंग्विन आले, ते मात्र जावयासारखे. काचेची खोली, गार हवा, डुंबायला पाणी. कोकणातून आलेल्या चाकरमान्याला मुंबईत अशी जागा मिळाल्याचं ऐकिवात नाही.

जावयाचा खर्च घरच्यांवरच पडतो. 2017 मध्ये पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं. आईबाप आणि दोन मुलं मिळून शंभर, अशी सवलत ठेवली आहे हो! पण आत्या, मामी आणि मावसभावंडं घेतल्याशिवाय राणीच्या बागेला कोण जातं?

या सगळ्या गडबडीत एक बारीकशी गोष्ट राहून जाते, ती म्हणजे बाग. तीन हजारांवर झाडं, 286 जातींची. थायलंडच्या सल्लागारांनी भव्य प्राणिसंग्रहालयाचा आराखडा आणला, तेव्हा मुंबईतल्या काही बायका या झाडांसाठी उभ्या राहिल्या आणि वारसा समितीपर्यंत भांडल्या. त्या नसत्या, तर आज तिथे बांबूच्या आकाराचं सिमेंट दिसलं असतं आणि आपण त्याच्यासमोर सेल्फी काढला असता.

झाडांचं चुकतं कुठे? गोरखचिंचच घ्या. खोडाला मिठी मारायला चार माणसं लागतील, करड्या सालीवर प्रेमिकांची नावं कोरलेली, पण तिचं उद्घाटन करता येत नाही. फीत बांधायची कुठे? कोनशिला बसवायची कुठे? आज लावलेलं झाड सावली देईस्तोवर नगरसेवकाचा नातू तिकीट मागत असतो. उलट, कारंजं सहा महिन्यांत उडतं आणि सातव्या महिन्यात बंद पडतं, म्हणजे दुरुस्तीची निविदाही निघते. विकासाला अशी हालचाल लागते.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. गोरखचिंचेला सरळ पेंग्विन जाहीर करावं. तीही मूळची परदेशीच, अंगाने गुबगुबीत, जागेवरून हलत नाही आणि मासेही मागत नाही. वर्षाकाठी केवढी बचत! नाव ठेवायची स्पर्धा घेता येईल, वाढदिवसाला केक कापता येईल, आणि केकसोबत एकदाची फीतही.